‘बरां आसा’ म्हणजे नक्की काय? कवितेच्या वाटेवर नव्याने येणाऱ्यांसाठी

आमच्या देवगडच्या बाजूला वाटेत कुणी भेटलं की पहिला प्रश्न ठरलेला. "काय गो, बरां मां?" उत्तरही ठरलेलं. "बरां आसा." मग दोघी आपापल्या पाणंदीने चालू लागतात. त्या एका ‘बरां’मध्ये काय काय कोंबलेलं असतं हे मला फार उशिरा कळलं. मुलाला नोकरी लागली तरी बरां, गुडघे धरलेत तरी बरां, घरातलं माणूस जाऊन वर्ष झालं तरी बरांच. मुंबईला चाकरमान्यांना जाणाऱ्या पत्रांतही सुरुवात तशीच असायची: इकडील सर्व क्षेम, तुमची खुशाली कळवावी. खरी बातमी आंतर्देशीय पत्राच्या दुमडीवर, जागा संपत आल्यावर, बारीक अक्षरात यायची.

ती दुमडीवरची ओळ मला कवितेच्या सगळ्यात जवळची वाटते. माणसाचं बरं कशात आहे, हे तत्त्वज्ञ विचारतात, डॉक्टर विचारतात, आणि आपणही रात्री पंख्याकडे बघत विचारतो. कविता हे तो प्रश्न विचारायचं जुनं आणि स्वस्त साधन आहे. गेली सहा वर्षं आम्ही आठ-दहा जण वाचनालयाच्या पडवीत दर दुसऱ्या रविवारी बसतो. बहुतेकांनी शाळा सुटल्यावर कविता हातात धरली नव्हती. त्यांच्यासोबत बसून मला जे सापडलं ते इथे क्रमाने सांगते आहे. एक गोष्ट आधीच सांगते: लगेच हलकं वाटेल असं वचन मी देणार नाही. काही दिवस उलट जडच वाटेल. पण आपलं बरं कशात आहे आणि कशात नाही, हे नेमक्या शब्दांत कळू लागेल. माझ्या मते कवितेचं खरं काम तेवढंच आहे, आणि ते फार मोठं काम आहे.

साहित्य म्हणाल तर एक शंभर पानी वही, एक पेन आणि रोजची वीस मिनिटं. फोन दुसऱ्या खोलीत. साधारण सहा आठवडे धरून चला.

पहिला आठवडा: वाचा, आणि तेही मोठ्याने

लिहायची घाई करू नका. आठवड्याला एकच कविता घ्या. मुलांची जुनी बालभारतीची पुस्तकं घरात असतील तर ती पुरतात, नाहीतर गावच्या वाचनालयात कवितेचं कपाट असतंच, बहुतेकदा सगळ्यात कमी हाताळलेलं. आपल्या किनाऱ्याने कवी पुष्कळ दिले. केशवसुत मालगुंडचे, जन्म १८६६. विंदा करंदीकर सिंधुदुर्गातल्या धालवलीचे, जन्म १९१८. मंगेश पाडगांवकर वेंगुर्ल्याचे, जन्म १९२९. आरती प्रभू म्हणजे चिं. त्र्यं. खानोलकर, तेही वेंगुर्ल्याकडचेच, पाडगांवकरांहून वर्षाने लहान. खाली गोव्यात बोरीचे बा. भ. बोरकर, ज्यांनी मराठी आणि कोंकणी दोन्हींत लिहिलं. यांची हवा, माती, पाऊस तुमच्या ओळखीचा आहे, म्हणून इथून सुरुवात सोपी जाते.

अगदी नवीन असाल तर पाडगांवकर किंवा विंदांपासून सुरू करा. आरती प्रभू माझे सगळ्यात आवडते, पण पहिल्या आठवड्यात त्यांना हात लावू नका असंच मी सांगते. त्यांची कविता अर्थाच्या दाराने घरात येत नाही, मागच्या खिडकीतून येते. त्याची थोडी सवय लागते.

कविता तीनदा वाचायची. पहिल्यांदा नुसता आवाज ऐका. दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घ्या आणि जिथे आवाज अडकला, घसा दाटला किंवा मन उगाच मागे गेलं, तिथे खूण करा. तिसऱ्यांदा अगदी सावकाश, दोन ओळींच्या मध्ये श्वास घेत. ‘कवीला काय म्हणायचे आहे?’ हा परीक्षेतला प्रश्न पूर्ण विसरा. त्याऐवजी वहीत एकच वाक्य लिहा: मी कुठे अडकले आणि तेव्हा मला काय आठवलं. सात दिवस तीच कविता वाचलीत की खुणा बदलत जातात. सोमवारी जी ओळ दिसलीच नव्हती ती शुक्रवारी अंगावर येते. कविता तीच असते, म्हणजे बदल तुमच्यात झालेला असतो. स्वतःच्या मनाची भरती-ओहोटी मोजायची ही पहिली काठी.

दुसरा आठवडा: मनाच्या हवेला नेमकं नाव

या पायरीवर थोडं जास्त थांबा, कारण पुढचं सगळं हिच्यावर उभं आहे.

मासे मारणारे नुसतं ‘पाणी’ म्हणत नाहीत. भरती वेगळी, सुकती वेगळी, अमावास्या-पौर्णिमेचं उधाण वेगळं आणि अष्टमीच्या सुमाराचा भांग वेगळा. नाव चुकलं तर जाळं चुकतं. मनाबद्दल मात्र आपण सगळं ‘टेन्शन’ या एका शब्दात उरकतो. वास्तविक मराठीकडे या हवेची किती नावं आहेत पाहा: चुटपुट, रुखरुख, हुरहूर, घालमेल, तगमग, काहूर, घोर, उबग. हे एकमेकांऐवजी वापरायचे शब्द नाहीत. चुटपुट लहान गोष्टीची असते. पाहुणा चहा न घेता गेला, एसटी डोळ्यांदेखत सुटली. दोन दिवसांत ती विरते. रुखरुख मुरते. आईला उद्या फोन करू म्हटलं आणि तो उद्या आलाच नाही, ती रुखरुख वीस वर्षं राहू शकते. हुरहूर म्हणजे गणपती पोचवून आल्यावरची संध्याकाळ. बॅगा भरून ओटीवर ठेवलेल्या आणि सकाळी घर रिकामं होणार. घालमेलीत ओढ दोन बाजूंची असते. घोर नेहमी पुढचा असतो, मागचा कधीच नाही.

चांगल्या बाजूलाही तसंच आहे. हायसं वाटणं म्हणजे समाधान नव्हे. हायसं वाटायला आधी भीती लागते. हुरूप कामाच्या सुरुवातीचा, तृप्ती शेवटची. निवांतपणाला मोकळा वेळ लागतो. समाधान लावणीच्या धावपळीतही मिळू शकतं. ‘स्वस्थ’ हा शब्द तर बघतच राहावा असा आहे. स्व-स्थ, म्हणजे स्वतःच्या जागी असलेला. आपण तो फक्त चुळबुळ करणाऱ्या मुलांना गप्प बसवायला वापरतो.

आठवडाभर रोज रात्री वहीत दिवसाच्या हवेचं एक नाव लिहा, आणि त्याखाली ते नाव का दिलं याच्या दोन ओळी. ‘छान’, ‘ठीक’, ‘टेन्शन’, ‘बोअर’ हे चार शब्द या आठवड्यात बंद. घरच्या बोलीतला शब्द जवळचा वाटला तर तोच लिहा, मालवणी असो, संगमेश्वरी असो की आगरी. प्रमाण मराठीत रडू येत नाही असं आमच्यातले एक गुरुजी म्हणतात, आणि मला ते पटतं.

नाव देण्याने नक्की काय होतं, याचा शोध प्रयोगशाळेतही घेतला गेलाय. २००७ मध्ये लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात मॅथ्यू लिबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसांना रागावलेले, घाबरलेले चेहरे दाखवले आणि मेंदूचं चित्रण केलं. चेहऱ्यावरच्या भावनेला शब्द द्यायला सांगितलं तेव्हा मेंदूतल्या धोका ओळखणाऱ्या भागाची, अमिग्डालाची, खळबळ कमी झालेली दिसली. आपल्या आज्या ‘बोलून मोकळी हो’ म्हणायच्या, त्याच्या शेजारचंच हे काहीतरी आहे.

तिसरा आठवडा: एका वस्तूसमोर बसा

आता लिहायचं, पण स्वतःबद्दल नाही. एक वस्तू किंवा एक काम निवडा आणि पंधरा मिनिटं त्याच्यासमोर बसा. दिसतं, ऐकू येतं, वास येतो, हाताला लागतं, तेवढंच टिपा. आपल्याकडे एक मोठा धोका आहे: कोकण म्हटलं की माड, लाल माती, अथांग सागर आणि निसर्गरम्य हे शब्द आपोआप पेनातून उतरतात. हे शब्द पर्यटनाच्या फलकांनी वापरून गुळगुळीत केलेत. ते आले की समजा, तुम्ही बघणं थांबवलंय.

माझं स्वतःचं बघणं कुठे सुरू झालं ते सांगते. मे महिन्यात शेजारच्या काकी खळ्यात रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, फोडत बसल्या होत्या. मी वही घेऊन त्यांच्यासमोर बसले. त्यांनी विचारलं, "ह्येच्यात लिवण्यासारख्यां काय आसा गो?" मी म्हटलं, "काकी, तू तुझां काम कर, मी बघतंय." फळ हातात घ्यायचं, अंगठ्याने दाबून दोन भाग, बिया-गर एका पातेल्यात, सालं दुसरीकडे. गराचा आणि मिठाचा रस सुटला की सालं त्यात बुडवायची, उन्हात पसरायची, संध्याकाळी पुन्हा रसात, सकाळी पुन्हा उन्हात. अशी चार-पाच पुटं चढली की ओलं लाल साल काळंभोर आमसूल होतं. काकींच्या नखांच्या कडा काळ्या-जांभळ्या झाल्या होत्या. बोटाला कुठेतरी चीर होती, रस लागला की त्या क्षणभर ओठ आवळायच्या, पण हात थांबत नव्हता. मध्येच भुरट्या ढगाकडे बघून सुपं आत घ्यायच्या. तासाभरात त्या एकही शब्द बोलल्या नाहीत. उठताना मी विचारलं, "काकी, तुका बरां कधी वाटता?" त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाल्या, "ह्यां करताना. डोक्यात कायच नसता."

त्या रात्री मला केशवसुतांची ‘झपूर्झा’ आठवली. १८९३ सालची कविता. तो चमत्कारिक शब्द त्यांनी मुलींच्या खेळातून उचलला. झिम्मा-फुगडी ऐन रंगात आली की ‘जा पोरी जा’ हे शब्द एकमेकांत मिसळून ‘झपूर्झा’ असे ऐकू येतात. सुख आणि दुःख दोन्ही मावळून माणूस कशात तरी पूर्ण बुडालेला असतो, त्या अवस्थेची ती कविता आहे. पुढे १९९० मध्ये मिहाय चिक्सेंटमिहाय या मानसशास्त्रज्ञाने अशाच तल्लीनतेवर ‘फ्लो’ नावाचं पुस्तक लिहिलं आणि ती कल्पना जगभर पोचली. मालगुंडच्या कवीने तिला आधीच नाव देऊन ठेवलं होतं, आणि तेही गौरी-गणपतीत आपल्या अंगणात घुमणाऱ्या फुगडीतून. काकींचं ‘डोक्यात कायच नसता’ तेच होतं.

तेव्हा या आठवड्यात असं एखादं काम शोधा, ज्यात तुमचाच झपूर्झा होतो. जाळं विणणं, कलमाला खत घालणं, भाकरी थापणं, हार्मोनियमचा भाता हलवणं. ते काम करताना मध्येच थांबू नका. संपल्यावर लगेच बसा आणि हातांनी काय काय केलं ते ओळींत मांडा. भावनेचा एकही शब्द घालू नका. वाचणाऱ्याला ती कळते.

चौथा आठवडा: गाऱ्हाणं घाला

आमच्या पडवीत सगळ्यात जास्त काही निघालं ते या पायरीतून. त्यामुळे घाई नको.

गाऱ्हाणं सगळ्यांनी ऐकलेलं असतं. देवळात, शिमग्यात, नव्या घराच्या पायाशी. गुरव किंवा मानकरी हात जोडून ‘बा देवा म्हाराजा’ म्हणून सुरू करतात, एकेक मागणं मांडतात आणि जमलेले सगळे दर ओळीला ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. लेकराबाळांचं रक्षण कर, चाकरमान्याला यश दे, पिकाला पाणी दे, एकाचे एकवीस आणि पाचाचे पंचवीस कर. आपण ते विधी म्हणून ऐकतो, पण कान देऊन ऐकलं तर ती कविताच आहे. लय आहे, धृपद आहे, आणि माणसाला बरं राहायला काय काय लागतं याची एका गावाने पिढ्यान्‌पिढ्या घासूनपुसून केलेली यादी आहे. त्या यादीत एकट्याचं असं फार थोडं असतं, हेही लक्षात येतं.

आता तुमचं गाऱ्हाणं लिहा. दहा ओळी, दर ओळीत एक मागणं. मागणं ठोस हवं. ‘सुखी ठेव’ असं नको. ‘अण्णांना रात्री सलग चार तास झोप लागू दे’ असं हवं. देव मानत नसाल तर समुद्राला घाला, गावाला घाला, दिवसाला घाला. लिहून झालं की घरातल्या कुणाला तरी समोर बसवा, तुम्ही ओळ वाचा, त्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. आणि वाचताना आपल्या आवाजाकडे लक्ष ठेवा. एखाद्या ओळीला आवाज खाली येतो, एखादी ओळ घाईने उरकावीशी वाटते. त्या ओळीवर खूण करा. आमच्यात मुंबईहून कायमचे परत आलेले एक गृहस्थ होते. त्यांच्या नऊ मागण्या बागेच्या, तब्येतीच्या, मुलांच्या होत्या. दहावी होती: कुणीतरी मला न विचारता घरात यावं. तिथे त्यांना पुढे वाचता आलं नाही. समोर बसलेल्या आम्हालाही ‘व्हय म्हाराजा’ म्हणायला वेळ लागला. तोपर्यंत ते सगळ्यांना बागेबद्दलच बोलताना दिसायचे.

दुसऱ्या दिवशी त्याच यादीसमोर बसा आणि एक कठीण प्रश्न विचारा: हे सगळं मिळालं तर मी सुखी होईन का? हा प्रश्न माझा नाही. १८२६ साली जॉन स्टुअर्ट मिल या वीस वर्षांच्या इंग्रज तरुणाने तो स्वतःला विचारला. समाज सुधारायचा हेच त्याचं ध्येय होतं, आणि सगळ्या सुधारणा या क्षणी झाल्या असं धरलं तरी आतून उत्तर आलं: नाही. त्यानंतर तो महिनोन्‌महिने काळोखात होता. १८२८ मध्ये त्याच्या हाती इंग्रज कवी वर्ड्‌स्वर्थच्या कविता आल्या आणि त्या आपल्या मनावर औषधासारख्या लागू पडल्या असं त्याने आत्मचरित्रात लिहून ठेवलंय. त्याचं कारण मला मोलाचं वाटतं. त्या कवितांत त्याला नुसते डोंगर-झरे दिसले नाहीत. त्या दृश्यांनी मनात उठणाऱ्या शांत आनंदाची त्याला ओळख झाली. झगडा, टंचाई, लढा हे सगळं संपलं तरी जो उरेल आणि कुणाशीही वाटून घेता येईल, असा आनंद.

म्हणून यादी झाल्यावर अकरावी ओळ लिहा. या ओळीत मागणं नसेल. जे आधीच आहे आणि तसंच राहावं, असं काहीतरी. बहुतेकांना ही ओळ सगळ्यात जड जाते.

चौकट हवी असेल तर

गाऱ्हाण्यानंतर हात थोडा मोकळा होतो. मग अभंगाची चौकट घेऊन बघा. मोठ्या अभंगात चार चरण: पहिल्या तिन्हींत सहा-सहा अक्षरं, चौथ्यात चार, दुसऱ्या-तिसऱ्याचं यमक जुळायला हवं. बोटांवर अक्षरं मोजायची, जोडाक्षर एकच धरायचं. मी केलेला एक देते:

आगोटीच्या आधी
शाकारले घर
तरी आत झर
थांबेचना

आगोट म्हणजे पावसाळ्याची सुरुवात, झर म्हणजे झिरपणारं पाणी. मोजणीत मन गुंतलं की आतलं जे एरवी पुढे यायला घाबरतं ते गुपचूप बाहेर येतं. मुक्तछंद सोपा वाटतो खरा, पण नवीन माणसाला तो बऱ्याचदा नुसता गद्याकडे नेतो, असा माझा अनुभव आहे.

पाचवा आठवडा: दुखरी जागा

वरच्या चार ओळी वडिलांच्या पहिल्या पावसाळ्यातल्या आहेत. म्हणजे ते गेल्यानंतरच्या पहिल्या. त्या थेट कवितेत आल्या नाहीत. आधी मी चार दिवस साधं गद्य लिहिलं, आणि ती पद्धत मी सगळ्यांना सांगते.

१९८६ मध्ये मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर आणि सॅन्ड्रा बील यांनी कॉलेजच्या मुलांवर प्रयोग केला. ओळीने चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, आयुष्यातल्या जखमेबद्दल लिहायचं. घडलेलं आणि वाटलेलं, दोन्ही ज्यांनी लिहिलं, त्यांना लिहून झाल्यावर लगेच जडच वाटलं. पण पुढच्या महिन्यांत त्यांची दवाखान्याची वारी कमी झाली. त्यानंतर असे पुष्कळ प्रयोग झाले. २००६ मध्ये जोआन फ्रॅटरोली यांनी १४६ अभ्यास एकत्र मांडले तेव्हा फायदा दिसला, पण लहानसा. म्हणून त्याच्याकडे रामबाण म्हणून बघू नका. या लिखाणांतला एक बारकावा मात्र आपल्या कामाचा आहे. रोज तेच तेच ‘मी, मी’ लिहिणाऱ्यांपेक्षा, ‘मी’वरून ‘ती’, ‘ते’, ‘आम्ही’ अशी नजर हलवत राहणाऱ्यांची तब्येत जास्त सुधारलेली दिसली. कवितेत ही नजर हलवणं सहज होतं. ‘मी रडले’ याऐवजी ‘ती पन्हळीखाली बादली ठेवून आत गेली’ असं लिहून बघा.

तर चार दिवस, पंधरा-पंधरा मिनिटं, न थांबता, शुद्धलेखन न बघता लिहा. मग आठवडाभर वही बंद. उघडल्यावर फक्त वस्तूंच्या नावांखाली रेघा मारा. माझ्या पानांत चष्म्याची डबी, कौलं, बादली, झर, दाराची आडणी एवढ्या निघाल्या. त्यातल्या तीन-चार वस्तू घेऊन कविता करा. बाकीचं पान जाळलंत तरी चालेल.

दुःख अगदी ताजं असेल, महिन्या-दोन महिन्यांतलं, तर ही पायरी सोडून द्या आणि वाचनाकडे परत जा. लिहिताना श्वास कोंडला, रात्रीची झोपच गेली, जगू नये असं वाटू लागलं तर वही मिटा आणि माणसाशी बोला. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा क्रमांक फुकट आहे, दिवसरात्र चालतो आणि मराठीतही बोलता येतं. कविता ही डॉक्टरची जागा घेत नाही, तिने ती घ्यायलाही नको.

सहावा आठवडा: पुटं चढवा, मग वाचून दाखवा

लिहिलेलं तसंच ठेवू नका. आमसुलाला चार-पाच पुटं लागतात, कवितेलाही लागतात. एकदा वाचा आणि बाजूला ठेवा, दोन दिवसांनी पुन्हा. दर वेळी तीन गोष्टी बघा. पहिल्या दोन ओळी बहुतेकदा घसा साफ करण्यासाठी असतात, त्या काढून चालतं का? शेवटच्या ओळीत उपदेश आलाय का? आला असेल तर खोडा. आणि दुसऱ्या आठवड्यात बंद केलेला एखादा शब्द परत आलाय का? खरेपणा याच कामात हळूहळू येतो. ‘मला दुःख झालं’ लिहिलं होतं, तिसऱ्या पुटाला लक्षात येतं की दुःख नव्हतंच, राग होता. अशी जागा सापडली की समजा मेहनत कामी आली.

मग ऐकवायचं. तुकोबांनी झाडावेलींच्या सोबतीत स्वतःच्या मनाशीच संवाद होतो म्हटलं, ‘आपुलाचि वाद आपणांसी’. पण त्यांचे अभंग आपल्यापर्यंत आले ते दुसऱ्यांनी ऐकले आणि म्हटले म्हणूनच. तीन-चार माणसं पुरतात. आमचे नियम थोडे आहेत. वाचून झाल्यावर दहा श्वास कुणी बोलायचं नाही, ‘वा वा’सुद्धा नाही. मग प्रत्येकाने आपल्या मनात राहिलेली एक ओळ परत म्हणायची, फक्त ओळ. सल्ला द्यायचा नाही. ‘अगं, असं मनाला लावून घेऊ नकोस’ हा तर मुळीच नाही. आणि कुणाची कविता मोबाइलवरून पुढे पाठवायची नाही.

हा शेवटचा नियम आम्ही ठेच लागून केला. सुरुवातीच्या दिवसांत एका मुलीने सासरच्या घराबद्दल वाचलं. फार नेमकं लिहिलं होतं. कुणीतरी कौतुकाने फोटो काढला, कौतुकानेच ग्रुपवर टाकला आणि रात्रीपर्यंत तो तिच्या सासरी पोचला. ती परत आली नाही. त्या दिवशी जमलेल्यांना मी काही सांगितलं नव्हतं, त्यामुळे चूक माझी होती, आणि ती रुखरुख माझ्याकडे आहे. तेव्हापासून फोन टोपलीत जातात, टोपली ग्रंथपालांच्या टेबलावर.

सहा आठवडे झाले की जमल्यास एक दिवस मालगुंडला जा. गणपतीपुळ्याला लागूनच आहे. केशवसुतांचं जन्मघर आणि स्मारक तिथे आहे. ते १९०५ मध्ये हुबळीला गेले, चाळिशीही गाठली नव्हती. त्या घराच्या ओटीवर बसून ‘झपूर्झा’ मोठ्याने वाचा. येणारे-जाणारे बघतील, बघू देत.

आमची बैठक पावसातही चालते. जून लागला की पडवीवरच्या पत्र्यावर पाऊस असा कोसळतो की वाचणाऱ्याचं काही ऐकू येत नाही. तेव्हा आम्ही पाट पुढे ओढतो, गुडघ्याला गुडघे लागतील इतके, आणि वाचणारी पहिल्या ओळीपासून पुन्हा सुरुवात करते.